दुर्बिणीतून दिसणारा चेहरा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पौड रस्त्यानं पिरंगुट मागं टाकलं की थोड्याच वेळात कासार आंबोली येतं. शहरातली प्रॅक्टिस आवरती घेतल्यावर मी तिथं राहायला गेलो. शिक्षणानं मी प्लास्टिक सर्जन. पण गावात त्याचं कुणाला काय! रक्तदाब मोजून द्या, रिपोर्ट वाचून सांगा, म्हणून मंडळी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. एका पावसाळ्यात तिथल्याच एक निवृत्त शिक्षिका आल्या. साऱ्या गावाच्या त्या 'बाई', म्हणून माझ्याही बाईच. वय साठीच्या आसपास. रक्तदाब मोजून झाला, चहा झाला, तरी बाई उठेनात. शेवटी पर्समधून मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. त्यावर एक जाहिरात होती. दुर्बिणीतून फेसलिफ्ट. डाग नाही, दुखणं नाही, अगदी नैसर्गिक तारुण्य!

"डॉक्टर, हे खरं असतं का हो?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

मी म्हटलं, "बाई, आधी तुम्हाला काय खुपतंय ते सांगा."

त्या म्हणाल्या, "मला काही तरुण व्हायचं नाही. पण चार माणसांत गेलं की जो तो विचारतो, बाई, बरं नाही का? भाजीवालीनं तर परवा विचारलं, बाई, रडलात का? मी रडलेली नसते हो! चांगली जेवून, झोप काढून आलेली असते. आता मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे. मांडवात दोनशे माणसं हेच विचारणार. आणि घरी बोलायची सोय नाही. आमचे हे म्हणतात, या वयात ही कसली थेरं!"

बाईंच्या या बोलण्यात दोन प्रश्न होते. पहिला वैद्यकाचा: दुर्बिणीतून चेहऱ्याचं ऑपरेशन करतात म्हणजे काय करतात, आणि त्यानं काय साधतं? दुसरा त्यांच्या यजमानांचा: ही थेरं आहेत का? आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायचा प्रयत्न करतो.

सुरुवात आरशापासून करू. मी बाईंच्या हातात आरसा दिला आणि म्हटलं, "डोळे मिटा. कपाळ सैल सोडा. आता कपाळाला आठी न घालता हळूच डोळे उघडा." तेव्हा दिसलं, की त्यांच्या भुवया, विशेषतः बाहेरच्या कडेला, चांगल्याच खाली उतरल्या आहेत आणि वरच्या पापणीची कातडी डोळ्यावर आली आहे. ती वर धरायला बाई दिवसभर नकळत कपाळ ताणत होत्या. त्यामुळं कपाळावर आडव्या रेघा पडलेल्या. "संध्याकाळी कपाळ दुखतं का?" असं विचारल्यावर त्या चकित झाल्या. म्हणाल्या, "रोज! मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला."

मग मी दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं बोटांनी अगदी थोडी वर उचलली. पाव इंचाहूनही कमी. बाईंना आरशात आपला जुना चेहरा दिसला आणि त्या हसल्या. नंतर गालाच्या हाडावर बोटं ठेवून गाल वर सरकवला. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी मऊ झाली. शेवटी म्हटलं, "आता गळ्याकडं बघा." गळा होता तसाच होता. हनुवटीखालची सैल कातडी जराही हलली नव्हती. ही तपासणी तुम्हीही घरी करून बघा. दुर्बिणीच्या ऑपरेशनाचा आवाका जवळजवळ एवढाच आहे. भुवई आणि गालाचा वरचा भाग तिच्या हातात येतो. जबड्याची कड थोडीफार येते. गळा येत नाही.

असं का, हे कळण्यासाठी चेहरा खाली का उतरतो ते पाहिलं पाहिजे. आपल्या आजीनं शिवलेली गोधडी आठवा. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये जुन्या लुगड्यांचे थर आणि ते सगळं धरून ठेवणारे धावदोऱ्याचे टाके. चेहरा तसाच आहे. वरचं कापड म्हणजे कातडी. मधले थर म्हणजे चरबीच्या गाद्या आणि त्यांच्याखाली स्नायू-तंतूंचा एक पातळ सलग पदर. खाली हाड. आणि टाके म्हणजे हाडापासून कातडीपर्यंत जाणारे चिवट बंध. तरुणपणी प्रत्येक गादी आपापल्या जागी असते. वय वाढतं तसे बंध सैलावतात, काही गाद्या सुकतात, काही घरंगळतात आणि जिथं टाका अजून घट्ट आहे तिथं अडकून फुगतात. नाकाशेजारची घडी आणि जबड्यावर लोंबणारी पिशवी अशीच तयार होते. शिवाय हाडही झिजतं. दात पडले की जबडा उतरतो, हे आपण घरोघरी पाहतो.

आता अशा गोधडीचं फक्त वरचं कापड धरून ओढलं तर काय होईल? कापड ताणलं जाईल, आतले थर जिथल्या तिथं राहतील. फेसलिफ्टच्या सुरुवातीच्या काळात नेमकं हेच झालं. बर्लिनचे सर्जन ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ साली एका पोलिश उमराव स्त्रीच्या विनंतीवरून कानाजवळची कातडी कापून चेहरा ताणून दिला, ही या शस्त्रक्रियेची पहिल्या नोंदींपैकी एक. पुढं कित्येक वर्षं ऑपरेशन म्हणजे कातडी सोडवा, ओढा, उरलेली कापा आणि शिवा, असंच चाललं. कातडीचा गुणच ताणण्याचा. ती काही महिन्यांत पुन्हा सैल पडायची. आणि फार ओढली तर माणूस समोरून सोसाट्याचा वारा लागल्यासारखा दिसायचा. फेसलिफ्टची जी थट्टा होते ती याच चेहऱ्यांमुळं.

यात बदल झाला तो १९७० नंतर. स्वीडनच्या टोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये कातडीखालचा पदर कातडीसकट उचलायची पद्धत मांडली. १९७६ मध्ये पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी या दोघांनी त्या पदराचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं. आज जगभरचे सर्जन त्याला 'स्मास' म्हणतात. मुद्दा असा, की ओढ आतल्या पदरावर द्यायची आणि कातडी वरून नुसती अलगद बसवायची. ताण कातडीवर नसला की चेहरा ओढल्यासारखा दिसत नाही आणि व्रणही रुंदावत नाही. 'नैसर्गिक दिसणं' हा शब्द जाहिरातीत स्वस्त झाला आहे. पण त्याचा शस्त्रक्रियेतला अर्थ एवढा साधा आहे.

दुर्बीण आली ती याच्या पुढच्या टप्प्यात. पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलं होतं. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सर्जननी तीच दुर्बीण कपाळाकडं वळवली. त्याआधी भुवया उचलायच्या तर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोक्यावर हेअरबँड लावतो तशी, केसांतून लांबलचक चीर द्यावी लागे आणि कातडीची एक पट्टी काढून टाकावी लागे. चिरेमागचं डोकं कित्येक महिने, कधी कायमचं बधिर राही. चिरेवरचे केसही जात.

आता काय करतात? केसांच्या रेषेच्या थोडं मागं, एक-दोन सेंटिमीटरच्या तीन ते पाच चिरा देतात. त्यांतून साधारण चार मिलिमीटर जाडीची नळीसारखी दुर्बीण आत जाते आणि आतलं चित्र पडद्यावर दिसतं. कपाळाची कातडी हाडावरच्या आवरणासकट अलग करत सर्जन भुवईच्या हाडापर्यंत खाली येतो. तिथं तो बंध असतो, ज्यानं भुवई खाली धरून ठेवलेली असते. तो सोडवायचा. दोन भुवयांच्या मध्ये आठी घालणारे छोटे स्नायू असतात, ते कमजोर करायचे. पण त्यांच्या मधूनच कपाळाला संवेदना देणाऱ्या नसा वर जातात. दुर्बिणीत त्या मोठ्या होऊन स्पष्ट दिसतात, म्हणून त्या वाचवता येतात. दुर्बिणीचा खरा उपयोग इथं आहे. चीर लहान होणं हा त्याचा जोडफायदा.

कानशिलाकडून आत शिरलं, की वाट गालाकडं जाते. इथं जपावं लागतं. चेहरा हलवणारी नस कानासमोरून पंख्यासारखी पाच शाखांत फुटते. तिची एक शाखा गालाच्या हाडावरून कपाळाकडं जाते. तिला धक्का लागला तर त्या बाजूची भुवई उचलता येत नाही. त्यामुळं सर्जन तिच्या खालच्या थरातून, कानशिलाच्या स्नायूवर जे पांढरं घट्ट आवरण असतं त्याला लागून पुढं सरकतो. वाटेत एक छोटी शीर लागते. ती दिसली की नस जवळ आली, हे ओळखायचं. आम्ही तिला पहारेकरी शीर म्हणतो. मग गालाच्या गाद्या हाडावरून मोकळ्या करून वर घ्यायच्या आणि कानशिलाच्या त्याच घट्ट आवरणाला आतून टाक्यानं बांधायच्या. काही वेळा गालापर्यंत पोचायला वरच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी, एक चीर द्यावी लागते. तीही बाहेरून दिसत नाही.

यात एक गोष्ट लक्षात आली का? कातडी कुठंच कापून टाकलेली नाही. आतला भार उचलला, कातडी त्याच्याबरोबर वर गेली आणि केसांखाली पसरली. या पद्धतीची ताकद त्यात आहे आणि मर्यादाही त्यातच. ज्यांची कातडी फार सैल झालेली आहे, गळ्याला पडदे आले आहेत, त्यांची जास्तीची कातडी जाणार कुठं? ती काढावीच लागते आणि त्यासाठी कानाच्या पुढं-मागं चीर द्यावीच लागते. अलीकडं काही सर्जन दुर्बिणीच्या मदतीनं गालाच्या अधिक खोल थरात काम करतात. समाजमाध्यमांवर त्याला 'डीप प्लेन', 'पोनीटेल' अशी नावंही दिसतात. नावं कितीही नवी असली तरी जास्तीच्या कातडीचं गणित तेच राहतं. म्हणून हे ऑपरेशन शोभतं ते साधारण चाळिशी ते साठीच्या आसपासच्या, कातडी अजून बऱ्यापैकी घट्ट असलेल्या माणसाला. ज्यांचं कपाळ आधीच मोठं आहे किंवा केस विरळ आहेत, त्यांच्या बाबतीत जास्त विचार करावा लागतो. कारण भुवईबरोबर केसांची रेषाही थोडी मागं सरकते आणि चिरा लपवायला केसच नसतात.

आणखी एक. मुळशीत भातलावणीला जन्मभर वाकलेल्या बायकांचे चेहरे मी रोज पाहतो. उन्हानं आणि चुलीपुढच्या धगीनं कातडीवर बारीक जाळी पडते, वांग येतात. ती जाळी कातडीतली आहे. खालचा पदर कितीही उचलला तरी ती जात नाही. गोधडीचे थर सारखे केले म्हणून वरच्या कापडाचा विटलेला रंग परत येत नाही. त्यासाठी उन्हापासून जपणं आणि त्वचारोगतज्ज्ञाचे उपाय हा वेगळा मार्ग आहे. आपल्या सावळ्या कातडीला एक वरदानही आहे. गोऱ्या लोकांच्या मानानं बारीक सुरकुत्या आपल्याला उशिरा येतात. पण आपल्याकडं व्रण काळा पडण्याचं किंवा जाड होण्याचं प्रमाण जास्त. त्यामुळं केसांत लपणाऱ्या लहान चिरांचा आपल्याला विशेष उपयोग होतो.

हा झाला बाईंच्या प्रश्नाचा भाग. आता यजमानांचा प्रश्न. ही थेरं आहेत का?

याचं उत्तर द्यायला मी तुम्हाला सव्वादोनशे वर्षं मागं, आपल्याच पुण्याच्या परिसरात नेतो. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याचं नाव जगभर घेतलं जातं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती.

कृती कशी होती ऐका. नाकाच्या मापाचा मेणाचा साचा केला. तो चपटा करून कपाळावर ठेवला आणि त्याच्याभोवती रेघ आखली. तेवढी कपाळाची कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं म्हणून कातडी जगली. मग ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली आणि काथाचा लेप लावला. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापून टाकली. हे पत्र वाचून लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ती युरोपभर पसरली. आजही कपाळाच्या कातडीनं नाक करतात आणि जगभर त्याला 'भारतीय पद्धत' म्हणतात. त्या कारागिराचं नाव मात्र पत्रात नाही.

कावसजीला नाक नसताना श्वास घेता येत होता, जेवता येत होतं. मग त्यानं हे दिव्य कशासाठी केलं? कारण नाक कापलेला माणूस रस्त्यानं चालला, की त्याला पाहणारा आधी ती शिक्षा पाहतो, मग माणूस. त्याला पुन्हा चारचौघांसारखं व्हायचं होतं. आपल्या भाषेत 'नाक कापलं' याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं, तेही पुण्यातलं. डॉ. नोशीर अंतिया यांनी विलायतेत सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण घेतलं. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांना उभं करणारे ते हे गिलीज. भारतात परतल्यावर अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम सुरू केलं. पुढं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ मध्ये ते गेले. कानाची कड नव्यानं घडवायची एक पद्धत त्यांच्या नावानं आजही जगभर शिकवली जाते.

कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी आतून सुजते, जाड होते. औषधानं रोग बरा होतो, सूज उतरते. पण ताणलेली कातडी मागं येत नाही. तिची लवचिकता गेलेली असते. पस्तिशीच्या माणसाचा चेहरा सत्तरीचा दिसतो, भुवया झडतात, नाक बसतं, कानाच्या पाळ्या लोंबतात. असा माणूस पूर्ण बरा होऊन, कुणालाही रोग देऊ न शकणारा असा, आपल्या गावी परततो आणि वेशीवरच ओळखला जातो. घरचे दार उघडत नाहीत. कुष्ठरोगाच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेत म्हणूनच नाक, भुवया आणि कानांच्या बरोबरीनं फेसलिफ्टही आली. श्रीमंतांच्या दवाखान्यात जी शस्त्रक्रिया चोचला म्हणून हिणवली गेली, तीच इथं माणसाला घरी परतायचा परवाना देत होती.

या दोन्ही उदाहरणांतून मला 'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ कळला. चेहरा विशीचा दिसणं म्हणजे नैसर्गिक नव्हे. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर न अडखळता थेट माणसापर्यंत पोचली, की तो चेहरा नैसर्गिक. बाईंचं दुःख कावसजीइतकं किंवा कोंढव्याच्या रुग्णाइतकं मोठं नव्हतं, हे उघड आहे. पण जात एकच. त्या आनंदात असताना त्यांचा चेहरा दुसरंच काही सांगत होता. ते मनाला लागणं, यात थेरं कसली?

मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. जे ऑपरेशन जीव वाचवण्यासाठी नाही, त्यात धोका स्वीकारताना दुप्पट विचार हवा. रक्तस्राव होऊन आत गाठ साचणं, जंतुसंसर्ग, चिरेपाशी केस जाणं, दोन बाजूंत फरक राहणं, नसेला धक्का लागून भुवई काही आठवडे न हलणं, या गोष्टी घडू शकतात. नसेची इजा बहुतेक वेळा भरून येते, क्वचित येत नाही. भुवई गरजेपेक्षा जास्त उचलली तर माणूस कायम दचकल्यासारखा दिसतो. सूज आणि निळेपणा दोन आठवडे तरी राहतो. डोक्याला बधिरपणा आणि खाज काही महिने असू शकते. चेहरा पूर्ण बसायला सहा महिने लागतात. त्यामुळं लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना ऑपरेशन करणं शहाणपणाचं नाही. आणि काळ थांबत नाही. उचललेला चेहरा काही वर्षांनी पुन्हा हळूहळू उतरतोच.

तयारीत एक गोष्ट आपल्याकडं नेहमी लपवली जाते, ती म्हणजे मशेरी. पुरुष तंबाखू कबूल करतात. बायका मशेरी सांगत नाहीत. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सोडवलेल्या कातडीला रक्त कमी पडतं. विडी, तंबाखू, मशेरी, सगळं किमान महिनाभर आधी बंद हवं. रक्तदाब आणि साखर ताब्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांगा; पण ज्या डॉक्टरांनी त्या दिल्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आणि हे विशेष लक्षात ठेवा. भुवया आणि पापण्या दोन्ही बाजूंना, वर्षानुवर्षांत हळूहळू उतरतात, ते वय. पण एका बाजूचा चेहरा अचानक वाकडा झाला, एक पापणी अचानक पडली, किंवा पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली असं होत असेल, तर तो नसांचा किंवा स्नायूंचा आजार असू शकतो. चेहरा अचानक वाकडा होणं हा पक्षाघातही असू शकतो. तिथं फेसलिफ्टचा विचार नको. आधी रुग्णालय गाठायचं.

बाईंना मी पाच प्रश्न कागदावर लिहून दिले. ज्यांना असं ऑपरेशन करायचं आहे त्यांनी ते सर्जनला जरूर विचारावेत. एक, तुमचं शिक्षण प्लास्टिक सर्जरीचं आहे का? एम.सीएच. किंवा डी.एन.बी. अशी पदवी विचारायला लाजू नका. दोन, हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत आणि वर्षभरानंतरचे फोटो आहेत का? आठवड्यानंतरच्या सुजलेल्या चेहऱ्यावर सुरकुती दिसतच नाही, म्हणून वर्षभरानंतरचे. तीन, भूल कोण देणार, आणि रात्री रक्तस्राव झाला तर रुग्णालयात कोण असणार? चार, माझ्या चेहऱ्यात या ऑपरेशननं काय सुधारणार नाही? जो सर्जन या प्रश्नाला सरळ उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवावा. पाच, याहून लहान उपाय आहे का?

या पाचव्या प्रश्नाबद्दल थोडं. फक्त वरच्या पापणीची कातडी जास्त असेल तर पापणीचं छोटं ऑपरेशन पुरतं. आठी घालवायला बोटॉक्सचं इंजेक्शन असतं. त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. चेहरा भरायची फिलर इंजेक्शनंही असतात. ती ब्युटी पार्लरमध्ये कधीही घेऊ नयेत. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते. क्वचित दृष्टीही जाते.

बाईंनी काय केलं? त्यांनी घाई केली नाही. मुलाचं लग्न आहे त्या चेहऱ्यानंच लावून दिलं. फोटोंत त्या छान दिसतात, असं मला आणि त्यांच्या यजमानांनाही वाटतं. पण संध्याकाळचं कपाळ दुखणं थांबेना. तेव्हा उन्हाळ्यात त्यांनी पुण्यात दुर्बिणीतून भुवया उचलून घेतल्या. गाल नको म्हणाल्या, गळ्याचं नावही काढलं नाही. आश्चर्य म्हणजे रुग्णालयात सोबतीला राहिले ते यजमानच. जूनमध्ये बाई पुन्हा ओट्यावर आल्या. केस बाजूला करून चिरा दाखवल्या. दाखवल्या म्हणून मला दिसल्या.

मी विचारलं, "गावात कुणी काही बोललं का?"

त्या म्हणाल्या, "कुणालाच काही कळलं नाही. फक्त ती भाजीवाली म्हणाली, बाई, माहेरी राहून आलात वाटतं!"

श्रोतेहो, प्लास्टिक सर्जनला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.